फोटो मोठा करायचाय? आधी किती मोठा आणि कुठून बघणार ते ठरवा

फोटो मोठा करायचा म्हटलं की सगळे पहिलं हेच विचारतात, सॉफ्टवेअर कुठलं चांगलं? माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न प्रिंट किती इंची हवी हा, आणि दुसरा म्हणजे बघणारा माणूस किती लांब उभा राहणार हा. ही दोन उत्तरं हातात आली की बऱ्याचदा कळतं की फोटो मोठा करायची गरजच नाही, आहेत तेवढे पिक्सेल पुरतायत, आणि उगाच कुठल्यातरी एआय मधून काढला असता तर चांगला फोटो बिघडलाच असता.

तर आधी हिशोब. फोटोचे पिक्सेल भागिले प्रिंटचे इंच, एवढंच. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो देतो, त्याची ३० बाय २० इंचाची प्रिंट काढली तर इंचाला २०० पिक्सेल पडतात आणि ३६ बाय २४ काढली तर साधारण १६७. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो बहुतेक वेळा ४०३२ बाय ३०२४ असतो, तो १३ बाय १० इंचापर्यंत इंचाला ३०० च्या आसपास राहतो. फोनच्या बॉक्सवर ५०, १०८, २०० असं काहीही छापलेलं असलं तरी नेहमीच्या मोडमध्ये असे बरेच फोन चार, नऊ किंवा सोळा पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलच्या आसपासचाच फोटो सेव्ह करतात, त्यामुळे बॉक्सवरचा आकडा धरू नका, फाईलची माहिती उघडून खरे पिक्सेल बघा. आणि क्रॉप केला असेल तर क्रॉप झाल्यानंतरचे पिक्सेल मोजा, हे विसरायला होतं.

आता ३०० डीपीआयचं (म्हणजे इंचाला किती ठिपके, इथे पिक्सेल) भूत. "फाईल ३०० डीपीआयची पाठवा" असा मेसेज आला की लोक फोटोशॉपमध्ये जाऊन ७२ च्या जागी ३०० टाकतात आणि ओके दाबतात. तिथे रिसॅम्पल ची (म्हणजे पिक्सेलची संख्या बदलायची) टिक काढलेली असेल तर फोटोत काहीच बदलत नाही, फक्त फाईलमध्ये लिहिलेला एक आकडा बदलतो. आणि टिक असेल तर फोटोशॉप मुकाट्याने सतरा पटीहून जास्त पिक्सेल बनवून ठेवतं, फाईल अवाढव्य होते आणि फोटोत नवीन डिटेल शून्य. म्हणून इमेज साईझची विंडो उघडली की आधी रिसॅम्पल ची टिक काढा, मग रुंदीत हवे ते इंच टाका, आणि रिझोल्यूशनच्या जागी काय आकडा येतो तो बघा. तो आकडा म्हणजे तुमची खरी परिस्थिती, पुढचं सगळं त्यावर ठरवायचं.

मग तो आकडा किती असला म्हणजे पुरे? इथे डोळ्याचा हिशोब येतो. चांगली नजर असलेल्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा दिसतो, त्यावरून सोपा फॉर्म्युला निघतो, ३४४० ला अंतराच्या इंचांनी भागा. हातात धरून एका फुटावरून बघायचं असेल तर साधारण २८७ येतं, म्हणजे ३०० चा नियम कुठून आला ते इथे कळतं, तो अल्बम आणि मासिकासाठीचा नियम आहे. दोन फुटांवरून १४३ पुरतात, पाच फुटांवरून ५७, दहा फुटांवरून २९. पण हे अगदी कमीत कमी आकडे आहेत आणि माणसं काही आखलेल्या रेषेवर उभी राहत नाहीत, फोटो आवडला की जवळ जाऊन नाक लावून बघतात, त्यामुळे घरातल्या भिंतीसाठी मी यांच्या दुप्पट-तिप्पट धरते. सोफ्याच्या वर लावायची ३६ बाय २४ ची प्रिंट पाच फुटांवरून बघितली जाणार असेल तर हिशोबाने ५७ पुरतात आणि आपल्याकडे १६७ आहेत, मग मोठं कशाला करायचं? तशीच फाईल लॅबला द्या.

मोठं होर्डिंग असेल तर अजून सोपं. २० बाय १० फुटांचं होर्डिंग इंचाला ३० पिक्सेलने केलं तर ७२०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फोटोला रुंदीत जेमतेम १.२ पट वाढवायचं काम. डिझायनर लोक दहाव्या भागाच्या साईझला ३०० ठेवून फाईल बनवतात ते हेच, पूर्ण साईझला ते ३० होतं. त्यामुळे "होर्डिंगला प्रचंड रिझोल्यूशन लागतं" असं कोणी म्हणालं तर घाबरू नका, अंतर विचारा.

छपाईच्या कामात मात्र वेगळं गणित आहे कारण तिथे चित्र ठिपक्यांच्या स्क्रीनमधून छापलं जातं. चकचकीत मासिकाला साधारण इंचाला १५० ते १७५ लाईनची (म्हणजे ठिपक्यांच्या ओळींची) स्क्रीन असते, वर्तमानपत्राला ८५ ते १०० च्या आसपास, आणि फोटोचे पिक्सेल त्या आकड्याच्या दीड ते दोन पट असले की झालं. म्हणजे मासिकाला २२५ ते ३५० आणि वर्तमानपत्राला २०० सुद्धा भरपूर. प्रेसवाल्याला लाईन स्क्रीन किती ते एकदा विचारून घ्या, तो खूश होईल की कोणीतरी विचारलं.

हिशोबात पिक्सेल खरंच कमी पडत असतील तर लगेच सॉफ्टवेअरकडे धावू नका, आधी चांगला मूळ फोटो मिळतो का ते शोधा, कारण यातून जेवढा फायदा होतो तेवढा कुठल्याच टूलने होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो बहुतेक वेळा लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत छोटा केलेला आणि वर कॉम्प्रेस केलेला असतो, ज्याने पाठवला त्याला सांगा की हाच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग मूळ फाईल तशीच येते. कॅमेऱ्याची रॉ फाईल (सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा) असेल तर जेपेग सोडा आणि रॉ पासून सुरुवात करा. जुना छापील फोटो स्कॅन केलेला असेल तर तो स्कॅन मोठा करण्यापेक्षा परत ६०० डीपीआयला स्कॅन करा, ६ बाय ४ च्या फोटोचे ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात, आणि निगेटिव्ह जपून ठेवलेली असेल तर मग काय विचारता, ३५ मिमीच्या निगेटिव्हचा ४००० ने स्कॅन केला तर साधारण २१ मेगापिक्सेलची फाईल मिळते. आणि शूट अजून व्हायचं असेल, एखादा लँडस्केप किंवा इमारत किंवा ऑफिसच्या भिंतीसाठीचं मोठं काम, तर कॅमेरा उभा धरून ३० टक्के ओव्हरलॅप ठेवत तीन फ्रेम घ्या आणि जोडा, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ५७ मेगापिक्सेलच्या आसपासचा फोटो तयार होतो आणि त्यातला प्रत्येक पिक्सेल खरा असतो. काही कॅमेऱ्यांमध्ये सेन्सर हलवून अनेक शॉट एकत्र करायचा मोड असतो, ट्रायपॉड असेल आणि समोर काही हलत नसेल तर तो वापरा. फोनमध्ये डिजिटल झूम करू नका शक्यतो, कारण तो म्हणजे क्रॉप करून मोठा केलेलाच फोटो, फक्त फोनने तुम्हाला न विचारता केलेला.

हे सगळं करून झालं, तरी पिक्सेल कमी आहेत. मग पद्धत निवडायची.

साध्या पद्धतींत सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलवरून मधल्या पिक्सेलचा अंदाज बांधतं. सगळ्यात जवळचा पिक्सेल तसाच कॉपी करणारी निअरेस्ट नेबर ही फोटोसाठी नाही, ती पिक्सेल आर्ट आणि स्क्रीनशॉटसाठी, तिथे कडा टोकदारच हव्या असतात. बायलिनियर चार पिक्सेल बघते, बायक्युबिक सोळा बघते, लँक्झोसचा नेहमीचा प्रकार छत्तीस बघतो आणि कडा जरा जास्त धारदार ठेवतो पण गडद-फिकट सीमेवर बारीक पांढरी-काळी रेघ येऊ शकते. फोटोशॉपमध्ये बायक्युबिक स्मूदर हा मोठं करण्यासाठीचा पर्याय आहे, आणि प्रिझर्व्ह डिटेल्स २.० नावाचा अजून एक आहे जो मला पावणेदोन-दोन पटीपर्यंत बायक्युबिकपेक्षा आवडतो, त्यात नॉईज (फोटोतले नको असलेले दाणे) कमी करायचा स्लायडर आहे तो थोडाच सरकवा. गिंपमध्ये क्युबिक, नोहॅलो आणि लोहॅलो आहेत, मोठं करताना नोहॅलो एकदा करून बघा, नावाप्रमाणे कडांची ती रेघ टाळायचा प्रयत्न करतं. एकेकाळी दहा-दहा टक्क्यांनी वाढवत न्यायची पद्धत फार चालायची, आताच्या टूल्समध्ये त्याने काही मिळत नाही, उलट प्रत्येक वेळी थोडा मऊपणा वाढतो, एकाच वेळी हव्या त्या साईझला जा.

या साध्या पद्धतींचा मोठा गुण असा की त्या काही नवीन शोधून काढत नाहीत. फोटो थोडा मऊ होतो पण खोटा होत नाही. दीडपटीपर्यंत वाढवायचं असेल आणि फोटो मुळात शार्प असेल तर मी साध्या पद्धतीवरच थांबते, प्रिंटमध्ये फरक दिसत नाही.

दोन पटीच्या पुढे गेलं की एआय टूल्सचा फायदा खरंच दिसायला लागतो. २०१४ च्या सुमारास न्यूरल नेटवर्कने फोटो मोठा करायचं संशोधन जोरात सुरू झालं आणि आता ते सगळ्यांच्या हातात आलंय. ही मॉडेल्स लाखो फोटोंवर शिकलेली असतात की छोट्या धूसर तुकड्याच्या जागी मोठ्या फोटोत साधारण काय असतं, आणि तसं ती भरतात. अडोबीचं सुपर रिझोल्यूशन २०२१ मध्ये कॅमेरा रॉ मध्ये (फोटोशॉपमधलं रॉ फाईल उघडायचं टूल) आलं, ते रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट करतं म्हणजे पिक्सेल चौपट. रॉ फाईलवर ते सगळ्यात चांगलं चालतं आणि फार आगाऊपणा करत नाही, त्यामुळे अडोबीचंच लाईटरूम वापरत असाल तर आधी हेच. टोपाझचं गिगापिक्सेल पैसे देऊन मिळतं, त्यात वेगवेगळी मॉडेल्स आहेत, ताकद जास्त आणि हात सैल सोडला तर नुकसानही जास्त. फुकटात हवं असेल तर अपस्केल (Upscayl) नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, रिअल-ईएसआरगॅन सारखी मॉडेल्स तुमच्याच कॉम्प्युटरवर चालवतं, बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. ही रिअल-ईएसआरगॅन वाली मंडळी खराब झालेल्या, कॉम्प्रेस झालेल्या फोटोंवर मुद्दाम शिकवलेली आहेत, म्हणून नेटवरच्या छोट्या जेपेगवर त्यांचा रिझल्ट चकित करणारा येतो, पण चांगल्या फोटोवर चालवली तर कातडीचा पोत पुसून मेणाचा पुतळा करून ठेवतात.

आणि इथेच मला कळकळीने सांगायचंय. एआय जे भरतं ते तुमच्या फोटोत नव्हतं. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी पल्स नावाचं मॉडेल आणलं होतं, त्याला कोणीतरी बराक ओबामांचा अगदी कमी पिक्सेलचा फोटो दिला तर बाहेर एका गोऱ्या माणसाचा चेहरा आला, स्वच्छ, शार्प आणि पूर्ण चुकीचा. आजची टूल्स इतकी टोकाची चूक सहसा करत नाहीत पण मूळ गोष्ट तीच आहे, माहिती नसली की ती अंदाजाने भरतात. आजोबांचा एकमेव फोटो असेल आणि चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा असेल तर एआयने जो चेहरा बनवून दिला तो आजोबांचा आहे की आजोबांसारख्या कोणाचा, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला दाखवून विचारा. त्यांना "काहीतरी वेगळं वाटतंय" असं वाटलं तर सॉफ्टवेअर कितीही महाग असो, तो रिझल्ट टाकून द्या आणि मऊ दिसणारा खरा चेहरा ठेवा, आणि प्रिंटची साईझ कमी करा.

एआयचा रिझल्ट तपासताना पूर्ण फोटो बघून खूश होऊ नका. मागच्या गर्दीतले छोटे चेहरे, डोळ्यांच्या कडा, दात, बोटं, दागिन्यांची नक्षी, कापडाचं विणकाम, झाडांची पानं, विटा, आणि सगळ्यात आधी पाट्यांवरची अक्षरं बघा. अक्षरं तर फार फसतात, लांबून अक्षरासारखंच दिसतं आणि जवळून कुठल्याच लिपीतलं नसतं. फोटोत लोगो किंवा मजकूर तुमचाच असेल तर तो मोठा करत बसू नका, वेक्टर फाईल (पिक्सेलऐवजी आकारांची, कितीही मोठी केली तरी न फुटणारी) मागवा किंवा परत टाईप करून वर ठेवा.

माझी आवडती युक्ती म्हणजे दोन्ही पद्धती एकत्र वापरणं. एकाच साईझला एक फाईल बायक्युबिकने किंवा प्रिझर्व्ह डिटेल्सने मोठी करा, दुसरी एआयने, दोन्ही फोटोशॉपमध्ये किंवा गिंपमध्ये एकावर एक लेयर ठेवा, एआयचा लेयर वर. मग वरच्या लेयरची ओपॅसिटी (म्हणजे तो किती गडद दिसतो ते) ५० ते ७० टक्क्यांवर आणा आणि चेहरे, अक्षरं, जिथे जिथे एआयने मनाचं भरलंय तिथे मास्क करून (वरच्या लेयरचा तेवढा भाग झाकून) खालचा खरा फोटो दिसू द्या. इमारतीच्या कडा, केस, गवत यांना एआयची धार मिळते आणि माणसं माणसांसारखी राहतात. शेवटी सगळ्यावर अगदी हलका ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) टाका, दोन लेयर एकजीव वाटतात आणि मोठ्या प्रिंटमधला तो गुळगुळीतपणा जातो. ग्रेनचं लोकांना नको तेवढं वावडं आहे, पण मोठ्या प्रिंटवर थोडा ग्रेन असला की डोळ्याला डिटेल असल्यासारखं वाटतं.

क्रम चुकवू नका, तो महत्त्वाचा आहे. आधी नॉईज काढा, कारण नॉईज राहिला तर तोही मोठा होतो आणि एआय त्याला पोत समजून नक्षी काढत बसतं. रॉ मधलं शार्पनिंग शून्यावर किंवा अगदी कमी ठेवा. मग रंग आणि एक्स्पोजर नीट करा, मग मोठं करा, आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी, प्रिंटच्या साईझला. आधी शार्प करून मग मोठा केलेला फोटो लगेच ओळखू येतो, प्रत्येक कडेला पांढरी झालर. कॅनव्हास आणि मॅट पेपर शाई पसरवतात म्हणून तिथे शार्पनिंग जरा जास्त चालतं, ग्लॉसी पेपरवर कमी. काम १६ बिट टिफ मध्ये करा, पण जागा बघून ठेवा, २४ मेगापिक्सेलची १६ बिट फाईल साधारण १४४ एमबी होते आणि दुप्पट रुंदी-उंची केली की ५७६ एमबी. फोकसच चुकलेला किंवा हात हललेला फोटो असेल तर मोठं करून तो सुधारणार नाही, फक्त मोठा हललेला फोटो मिळेल, तो लहानच छापा.

धंद्यासाठी काम करत असाल तर तांत्रिक बाजूपेक्षा वेगळ्याच गोष्टी आडव्या येतात. क्लायंटचे फोटो कुठल्यातरी फुकट ऑनलाईन साईटवर टाकायच्या आधी त्यांच्या अटी वाचा, फोटो किती दिवस ठेवतात, मॉडेल शिकवायला वापरतात का, आणि बाजारात न आलेल्या प्रॉडक्टचे किंवा लहान मुलांचे फोटो असतील तर सरळ आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारं टूल वापरा. प्रॉडक्ट फोटोत एआयने कापडाचं विणकाम किंवा लाकडाच्या रेषा बदलल्या तर ग्राहक जे बघून घेतो ते त्याला मिळत नाही, आणि तक्रार तुमच्या क्लायंटकडे जाते. स्टॉक एजन्सींपैकी (तयार फोटो विकणाऱ्या कंपन्यांपैकी) बऱ्याच जणांना मोठा केलेला फोटो नकोच असतो, अडोबी स्टॉकला किमान ४ मेगापिक्सेल लागतात पण ते खरे हवेत, ओढून आणलेले नकोत. बातमीचे आणि डॉक्युमेंटरी फोटो असतील तर एआयला हात लावायच्या आधी संपादकाला किंवा स्पर्धेच्या नियमांना विचारा. आणि पुराव्याचं काम असेल तर अजिबातच नको, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका कोर्टाने खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेला व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला होता, आणि कारण उघड आहे, त्यातलं काय कॅमेऱ्याने टिपलं आणि काय सॉफ्टवेअरने भरलं ते सांगता येत नाही. दुसऱ्याचा फोटो असेल तर परवानगी फक्त वापराची आहे की मोठ्या साईझच्या छपाईची पण आहे हे लेखी घ्या. क्लायंटला कुठली पद्धत वापरली तेही सांगून ठेवा, नंतर विचारण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं दिसतं.

फाईल लॅबला द्यायच्या आधी स्क्रीनवर १०० टक्के झूम करून घाबरू नका. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला ९२ च्या आसपास पिक्सेल असतात, म्हणजे १८० ची प्रिंट तुम्ही तिथे जवळजवळ दुप्पट मोठी बघताय. झूम ५० टक्क्यांवर आणा, ती खऱ्या साईझच्या जवळ येते, मग खुर्ची मागे सरकवून तेवढ्या अंतरावरून बघा. तरी खात्री नसेल तर अंतिम साईझच्या फाईलमधून १० बाय ८ इंचाचा तुकडा कापा, शक्यतो ज्यात चेहरा आणि बारीक डिटेल दोन्ही आहेत असा, आणि तो त्याच पेपरवर छापून घ्या. साधा बायक्युबिक आणि एआय, दोन्हीचे तुकडे छापा, भिंतीवर चिकटवा, आणि ज्याला यातलं काही माहीत नाही अशा माणसाला विचारा कुठला बरा वाटतो. मोठ्या प्रिंटच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

लॅबला विचारायच्या गोष्टी दोन-तीनच. त्यांना कुठला कलर प्रोफाईल हवा, किती पिक्सेल पर इंच हवे, आणि कॅनव्हास फ्रेमवर गुंडाळायचा असेल तर कडेला किती जागा सोडायची, कारण फ्रेमच्या जाडीएवढा भाग चारही बाजूंनी मागे वळतो आणि कडेला उभा असलेला माणूस अर्धा बाजूच्या पट्टीवर जातो. घरी प्रिंटर असेल तर एप्सन बहुतेक ३६० च्या पटीत आणि कॅनन ३०० च्या पटीत काम करतात, तुमची फाईल १८० ते २०० च्या वर असेल तर उरलेलं ड्रायव्हर बरं सांभाळतो. मोठी केलेली फाईल वेगळ्या नावाने ठेवा, नावातच साईझ आणि पद्धत लिहा, आणि मूळ फोटोवर कधीच सेव्ह करू नका, दोन-चार वर्षांनी याहून चांगलं टूल येईल तेव्हा सुरुवात त्या मूळ फाईलपासूनच करायची आहे.